ऐकणाऱ्याला दार बंद, तर गाणेही बंद

सभागृहाचे भाडे भरलेले असते, पावती खिशात असते, भिंती रंगवून झालेल्या असतात, गावोगावच्या गाड्या ठरलेल्या असतात. आणि आदल्या संध्याकाळी चालकांचा माणूस येऊन सांगतो, ‘कार्यक्रम खुशाल करा. आमची हरकत नाही. फक्त एक अट आहे.’ ही ‘फक्त एक अट’ काय चीज असते, हे जिल्ह्याजिल्ह्यांत सभा भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना आम्ही नव्याने सांगायला नको. कधी अमुक वक्ता नको असतो, कधी अमुक गाणे नको असते, तर कधी अमुक वस्तीची माणसे पुढच्या रांगेत नको असतात. अट मान्य केली की दार उघडते. मान्य केली नाही तर किल्ली हरवते, वीज जाते, दुरुस्ती निघते.

अशा वेळी काय करायचे, हा प्रश्न बैठकांतून वारंवार निघतो. एक बाजू म्हणते, ‘कामाचे बघा. दहा गोष्टी सांगायच्या तिथे नऊ सांगून घेऊ.’ दुसरी बाजू म्हणते, ‘एकदा वाकलो की वाकतच जाऊ.’ दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, म्हणून वाद मिटत नाही. या वादात आम्हाला एका शेतकरी कुटुंबाची साक्ष काढायची आहे. कुटुंब आपल्याकडचे नाही, अमेरिकेतले आहे आणि गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. पण अट तीच आहे आणि अट घालणारेही तसेच आहेत.

नांगर सोडून गाण्यात आलेली भावंडे

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशायर नावाचे डोंगराळ राज्य आहे. जमीन खडकाळ, हिवाळा लांब. तिथल्या मिलफर्ड गावी हचिन्सन आडनावाचे शेतकरी कुटुंब राहत होते. आईबापाला सोळा मुले झाली, त्यातली तेरा हाताशी आली. घरात गाणे होते. चर्चमध्ये आणि घरी एकत्र गाऊन गाऊन भावंडांचे आवाज एकमेकांत इतके मिसळले होते की कोणता सूर कोणाचा, हे ओळखू येत नसे. याच सुमारास युरोपातल्या टायरोल या डोंगरी मुलखातून रायनर नावाचे एक कुटुंब अमेरिकेत गाण्याचे कार्यक्रम करीत फिरत होते. त्यांचे पाहून हचिन्सन भावंडांनी ठरवले की, आपणही आपल्या डोंगराची, आपल्या माणसांची गाणी घेऊन निघायचे.

१८४२ पासून जडसन, जॉन आणि एसा हे तीन भाऊ आणि धाकटी बहीण ॲबी असा चौघांचा संच गावोगाव फिरू लागला. ॲबी तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. थोरला भाऊ जेसी गाणी रचायचा आणि व्यवस्था पाहायचा. हातात व्हायोलिन, सेलो, गिटार. शेतकऱ्यांचे, कारागिरांचे आणि गिरणीकामगारांचे पोट ज्या गावांत भरत होते त्या गावांत हे गात. पाव डॉलरचे तिकीट लावायचे, मिळेल त्या सभागृहात गायचे आणि पुढच्या गावी जायचे. राजाश्रय नव्हता, सरकारी मानधन नव्हते. तिकीट खपले तर जेवण, नाही तर उपास. दोन वर्षांत त्यांचे नाव देशभर झाले. १८४४ साली ते राष्ट्राध्यक्षांच्या निवासातही गाऊन आले.

इथवरची गोष्ट यशस्वी कलावंतांची आहे. अशा कलावंतांना शहाणे लोक जो सल्ला देतात तो त्यांनाही मिळाला: चार पैसे मिळताहेत, लोक डोक्यावर घेताहेत, आता कुणाला दुखवू नका.

त्यांनी तो ऐकला नाही. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या राज्यांत लाखो काळी माणसे मालमत्ता म्हणून विकली आणि विकत घेतली जात होती. कापसाचे मळे त्यांच्या घामावर उभे होते. उत्तरेकडे गुलामगिरी कायद्याने जवळजवळ संपली होती. पण उत्तरेतल्या गिरण्या त्याच कापसावर चालत, उत्तरेतले व्यापारी त्याच कापसाची दलाली खात आणि म्हणून उत्तरेतल्या सभ्य समाजाला या विषयावर बोललेले आवडत नसे. हचिन्सन भावंडे गुलामगिरीविरोधी सभांत जाऊन गाऊ लागली. १८४४ साली जेसीने त्या काळच्या एका लोकप्रिय नाचगाण्याच्या चालीवर गुलाममुक्तीचे गाणे रचले. मुक्तीची आगगाडी निघाली आहे, रुळावरून बाजूला व्हा, अशी त्याची कल्पना. लोकांच्या ओठांवरची चाल घ्यायची आणि तिच्यात नवा विचार भरायचा, ही युक्ती आपल्या शाहिरांनाही चांगली ठाऊक आहे. सभागृहात अर्धे लोक टाळ्या वाजवत, अर्धे शिट्ट्या मारून हुर्यो करीत. भावंडे गात राहत.

१८४५ च्या ऑगस्टमध्ये ही मंडळी इंग्लंडला निघाली. त्याच बोटीवर फ्रेडरिक डग्लस होते. गुलामगिरीतून पळून आलेला, स्वतःची कहाणी स्वतः लिहिलेला हा माणूस. पण कातडी काळी म्हणून त्याला वरच्या दर्जाची खोली नाकारली गेली. प्रवासाच्या शेवटी कप्तानाने त्यांना भाषण करायला सांगितले, तेव्हा बोटीवरचे मळेवाले त्यांना समुद्रात फेकायला उठले. कप्तानाने बेड्या काढून दाखवल्या, तेव्हा कुठे ते गप्प झाले. हचिन्सन भावंडे त्या वेळी डग्लस यांच्या बाजूला उभी होती. पन्नास वर्षांनी जॉन हचिन्सन यांनी कुटुंबाची हकीकत दोन खंडांत छापली, तिची प्रस्तावना याच डग्लस यांची आहे.

फिलाडेल्फियाची अट

इंग्लंडहून परतल्यावर, १८४६-४७ च्या हिवाळ्यात, कुटुंबाचे कार्यक्रम फिलाडेल्फिया शहरात ठरले. हे शहर साधे नव्हे. ‘सर्व माणसे समान जन्माला येतात’ असे सांगणारा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली याच शहरात मंजूर झाला. उत्तरेकडल्या स्वतंत्र काळ्या माणसांची मोठी वस्तीही याच शहरात होती. त्यांची स्वतःची चर्चेस होती, शाळा होत्या, दुकाने होती. १८३८ साली राज्याच्या नव्या घटनेने त्यांचा मताचा हक्क मात्र काढून घेतला होता.

या शहरातले गाण्याबजावण्याचे मानाचे ठिकाण म्हणजे म्युझिकल फंड हॉल. एका संगीत मंडळीने १८२४ साली उभारलेला. आवाज घुमवण्याच्या बाबतीत देशात त्याची ख्याती होती. तिथे गायला मिळणे म्हणजे आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मोठ्या रंगमंदिरात तारीख मिळण्यासारखे. हचिन्सन तिथे गात, तेव्हा ऐकायला गोरे येत, तसे काळेही येत. तिकिटाचे पैसे दोघांचे सारखेच होते.

ही गोष्ट शहरातल्या प्रतिष्ठितांना खुपली. दंगा होईल, असे कानावर घातले गेले. शहराच्या कारभाऱ्यांनीही तोच सूर लावला. मग सभागृहाच्या चालकांनी अट घातली: कार्यक्रम करा, पण काळ्या माणसांना आत घेऊ नका.

या अटीत काय होते आणि काय नव्हते, ते नीट पाहायला हवे. ‘अमुक गाणे गाऊ नका’ असे चालक म्हणाले नाहीत. गायकांचे तोंड बंद केलेले नव्हते. गायकांच्या पैशाला धक्का नव्हता. शहरात गोऱ्या श्रोत्यांची वाण नव्हती, सभागृह भरलेच असते. गुलामगिरीविरुद्धची गाणी पोटभर गाता आली असती. ज्यांच्यासाठी ती गायची ती माणसे तेवढी बाहेर राहिली असती, एवढेच.

व्यवहारी माणूस इथे काय म्हणेल? तो म्हणेल, ‘गोऱ्यांचेच मन वळवायचे आहे ना? मग गोऱ्यांपुढे गा. काळ्यांना तुमचे म्हणणे आधीच पटलेले आहे. त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम त्यांच्या चर्चमध्ये करा.’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. त्यात खोट अशी की, जे गाणे ‘माणूस माणूस सारखा’ असे सांगते ते म्हणण्यासाठी आधी दारावर एका माणसाला हाकलावे लागले, तर गाण्याचा शब्द आणि शब्द खोटा पडतो. टाळ्या मिळतात, पण त्या टाळ्यांनी कुणाचेही मन वळत नाही. उलट सभ्य माणसाची सोय होते: गुलामांच्या दुःखावर रडायचे आणि शेजारच्या खुर्चीत मात्र काळा माणूस नको.

हचिन्सन भावंडांनी अट मान्य केली नाही. कार्यक्रम रद्द झाले. मिळणारे पैसे गेले, मानाचे सभागृह गेले.

‘सभागृह आमचे आहे’

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात एक शंका येईल आणि ती रास्त आहे. सभागृह चालकांचे होते. आपली वस्तू कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे मालकाने ठरवायचे. माल आपला असताना तो कुठे विकायचा हे दुसऱ्याने ठरवू नये, असे सांगत आपण उभा जन्म घालवला. मग सभागृहाच्या मालकालाच तेवढा तो हक्क नाकारायचा काय?

आमचे उत्तर असे की, ‘नाही’ म्हणणारे तीन प्रकारचे असतात आणि तिघांना एका मापाने मोजू नये.

पहिला, खासगी मालक. त्याचे ‘नाही’ आपल्याला आवडले नाही, तरी त्याच्या दारावर धोंडे मारायला जाऊ नये. पण त्याचा देण्या-न देण्याचा हक्क मान्य केला, म्हणजे त्याच्या अटीवर सौदा करण्याची सक्ती आपल्यावर येत नाही. हचिन्सन भावंडांनी नेमके हेच केले. त्यांनी कुलूप फोडले नाही, की अटीवर सही केली नाही. सौदा मोडला आणि का मोडला ते लोकांना कळू दिले. मालकाचा हक्क मालकाकडे राहिला, आणि त्याची लाजही त्याच्याकडेच राहिली.

दुसरा, सरकारी किंवा नगरपालिकेचा चालक. इथे गोष्ट बदलते. ज्या नाट्यगृहाला तुमच्या-आमच्या कराचा पैसा लागला, जिथल्या विटेविटेत गावातल्या प्रत्येक वस्तीचा वाटा आहे, तिथे बसलेला व्यवस्थापक मालक नव्हे, राखणदार आहे. एकाला तारीख द्यायची आणि दुसऱ्याला नाही, याचा मुखत्यार त्याला कुणी केलेला नाही. भाडे, वेळ, आग विझवण्याची सोय, रात्रीचा भोंगा, यांचे नियम सर्वांना सारखे लावावेत. त्यापलीकडे ‘तुमचे विचार कसले आहेत’ असे विचारण्याचा त्याला अधिकार नाही.

तिसरा, बंदोबस्त पाहणारा. तो म्हणतो, ‘दंगा होईल, म्हणून कार्यक्रम नको.’ हे ‘नाही’ सगळ्यात घातक. धमकी देणारा मोकळा फिरतो आणि ज्याला धमकी दिली त्याच्या दाराला कुलूप लागते. चोराच्या भीतीने सावाला कोठडीत घालण्याचाच हा प्रकार. एकदा हे जमले की प्रत्येक गावगुंडाला कळते की, चार दगड दाखवले की पाहिजे तो कार्यक्रम बंद पाडता येतो.

आणि कुलूप लावून दंगा टळतो हेही खरे नाही. याच फिलाडेल्फियाचा दाखला पाहा. गुलामगिरीविरोधी सभांना शहरात कुणी जागा देईना, म्हणून तिथल्या लोकांनी स्वतःचे सभागृह बांधले. वीस डॉलरचा एक असे दोन हजार भाग विकून चाळीस हजार डॉलर जमवले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी मजुरी दिली. पेनसिल्व्हेनिया हॉल असे त्याचे नाव. १४ मे १८३८ रोजी ते उघडले. आत काळे-गोरे एकत्र बसत, बायका व्यासपीठावरून बोलत. १६ तारखेला अँजेलिना ग्रिम्के बोलत असताना खिडक्यांवर दगड पडत होते. ती थांबली नाही. १७ तारखेला महापौरांनी सभा बंद करायला लावली, सभागृहाला कुलूप ठोकले, किल्ल्या घेतल्या, जमावाला शांततेचा उपदेश केला आणि ते निघून गेले. मागे राहिलेल्या जमावाने दार फोडून इमारतीला आग लावली. बंबवाल्यांनी शेजारच्या इमारतींवर पाणी मारले, पेटलेल्या सभागृहावर मारले नाही. उघडल्यापासून चौथ्या दिवशी राख. जमावाला जे हवे होते त्यातले अर्धे कुलूप लावून दिले, म्हणजे उरलेले अर्धे तो आपल्या हाताने घेतो.

गाण्यावरची अट

फिलाडेल्फियात ऐकणाऱ्यांवर अट होती. पंधरा वर्षांनी याच कुटुंबावर दुसऱ्या जातीची अट आली, ती गाण्यावर.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडली गुलाम राखणारी राज्ये फुटून निघाली. जॉन हचिन्सन आपला कुटुंबाचा संच घेऊन व्हर्जिनियातल्या छावण्यांत सैनिकांपुढे गायला गेले. युद्धमंत्री कॅमेरॉन यांचा परवाना त्यांच्याकडे होता. १८६२ च्या जानेवारीत एका छावणीजवळच्या प्रार्थनागृहात कार्यक्रम झाला. सैनिकांनी जागा खचाखच भरली होती. कवी व्हिटियर यांचे एक नवे गीत जुन्या जर्मन भजनाच्या चालीवर गायले गेले. या युद्धाचे मूळ गुलामगिरीत आहे आणि ती गेल्याशिवाय शांतता नाही, असा त्याचा आशय. एका लष्करी डॉक्टराने हुर्यो केली. बाकीच्यांनी त्याला गप्प केले आणि कार्यक्रम पार पडला. पण तक्रार वर गेली. सेनापती मॅक्लेलन यांच्या हुकुमाने परवाना रद्द झाला आणि गाणाऱ्या कुटुंबाला छावणीबाहेर काढण्यात आले.

सेनापतींचे म्हणणे काय, तर सैन्यात मतभेद नकोत. हे सैन्य ज्या कारणासाठी मरत होते त्या कारणाचे नाव त्याच्यासमोर घ्यायचे नाही! रोग्याला औषध चालेल, पण रोगाचे नाव चालणार नाही, असाच हा हट्ट.

प्रकरण वॉशिंग्टनला पोहोचले. अर्थमंत्री चेस यांनी ते गीत मिळवून मंत्रिमंडळाच्या बैठकीत वाचून दाखवले. सैनिकांनी ऐकावीत अशीच ही गाणी आहेत, असे राष्ट्राध्यक्ष लिंकन म्हणाल्याचे सांगतात. त्याच वर्षाअखेर मॅक्लेलन यांचे सेनापतिपद गेले, त्याची कारणे रणांगणावरची होती. १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला आणि १८६५ साली घटना दुरुस्त करून गुलामगिरी देशभर संपवली. एका गाण्याने हे झाले, असे भाबडेपण आम्ही करणार नाही. तीन-चार वर्षांच्या युद्धात लाखो माणसे मेली, दोन लाखांच्या आसपास काळे सैनिक व खलाशी लढले, तेव्हा हे झाले. पण ज्या वेळी बडे लोक कारणाचे नाव घ्यायला भीत होते, त्या वेळी एका शेतकऱ्याच्या पोरांनी ते भर सभेत सुरात घेतले होते.

आणि त्या म्युझिकल फंड हॉलचे काय झाले? १८५६ च्या जूनमध्ये त्याच सभागृहात रिपब्लिकन पक्षाचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले आणि गुलामगिरीला नव्या मुलखात पाय ठेवू देणार नाही, असा जाहीरनामा तिथे मंजूर झाला. दहा वर्षांपूर्वी काळ्या श्रोत्यालाही जिथे खुर्ची नव्हती तिथे ही भाषणे झाली. सभागृहाच्या भिंती कुणाचे वैर धरत नाहीत.

या कुटुंबाला देव्हाऱ्यात बसवावे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. १८५५ साली तिघा भावांनी मिनेसोटात आपल्या नावाचे गाव वसवले. बायकांना पुरुषांइतकेच हक्क, हे त्या गावाच्या पायाभरणीतच लिहून ठेवले. मात्र ती जमीन डाकोटा या मूळ रहिवाशांकडून चारच वर्षांपूर्वीच्या तहाने काढून घेतलेली होती आणि १८६२ साली डाकोटा उठले तेव्हा त्या गावावरही हल्ला झाला. एका अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला माणूस दुसऱ्या अन्यायाच्या जमिनीवर घर बांधू शकतो. हे ध्यानात ठेवून त्यांच्याकडून जे घेण्यासारखे आहे ते घ्यावे.

आपल्या अंगणात

ही परदेशाची गोष्ट इथे कशाला, असे कुणी विचारील. त्यांना जोतीरावांची आठवण करून द्यावी लागेल. १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. हचिन्सन भावंडांचे नाव त्यांच्या कानावर गेले होते, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या लोकांना त्यांनी पुस्तक अर्पण केले त्या लोकांत ही भावंडे होती, हे नक्की. आणि १८६८ साली जोतीरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांच्यासमोरचा प्रश्न फिलाडेल्फियासारखाच होता: समता फक्त बोलायची, की दारही उघडायचे?

पुढे सत्यशोधकांनी तमाशाच्याच घाटात जलसे उभे केले. मग आंबेडकरी जलसे आले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगाव आणि खेडी हलवली, तेव्हा मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी घातली. नाटकांवर नजर ठेवायचा कायदा इंग्रजांनी १८७६ साली केला होता. इंग्रज गेले, पण कायदा आणि सवय दोन्ही मागे राहिली.

आपल्याकडेही हे घरोघरचे धंदे आहेत. नारायणगावच्या विठाबाईंचा फड बाप-चुलत्यांच्या भाऊ-बापूंच्या फडातून आलेला. ढोलकी बापाची, तुणतुणे काकाचे, पुढे लेकी-सुना. पाडव्याला राहुट्या लागायच्या, गावकऱ्यांनी सुपारी द्यायची, जत्रेच्या दोन महिन्यांत वर्षाचे पोट भरायचे. गावाला पीक आले, पिकाला भाव आला, तर सुपारी मोठी. नाही तर फडमालक सावकाराच्या दारात. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे जत्राच झाल्या नाहीत आणि शेकडो माणसांच्या चुली थंडावल्या. त्यात कुणाची बदमाशी नव्हती. साथ, दुष्काळ, गावात मयत, यासाठी खेळ मोडणे वेगळे आणि कुणाच्या तरी डोळ्यांना माणूस किंवा शब्द खुपला म्हणून मोडणे वेगळे. पण फडाच्या पोटाला दोन्ही सारखेच लागतात, हेही विसरून चालणार नाही.

इथेच हचिन्सनांच्या गोष्टीतला व्यवहाराचा भाग येतो. ते ‘नाही’ म्हणू शकले याचे एक कारण त्यांची निष्ठा. दुसरे कारण असे की, त्यांचे पोट एकाच सभागृहावर अवलंबून नव्हते. फिलाडेल्फिया गेले तर बोस्टन होते, न्यूयॉर्क होते, पाव डॉलर देणारी शेकडो गावे होती. ज्या कलावंताला एकच दाता आहे, मग तो सरकार असो, पुढारी असो की कारखान्याचा अध्यक्ष, त्याच्याकडून ताठ मानेची अपेक्षा करणे म्हणजे एकाच व्यापाऱ्याला माल घालणाऱ्या शेतकऱ्याने भाव ठरवावा असे म्हणणे. पर्याय असला तर माणूस ताठ उभा राहतो. नसला तर तत्त्वे असूनही वाकतो आणि त्याला नावे ठेवण्याचा हक्क त्याला फुकट बोलावणाऱ्यांना नाही.

सगळ्याच पक्षांच्या सभांत एक रीत दिसते. पुढाऱ्याची गाडी येईपर्यंत गर्दी धरून ठेवायला शाहिराला उभे करायचे, गाडी दिसली की पोवाडा मध्येच तोडायचा, आणि जाताना नारळ-टोपी देऊन ‘चळवळीचे काम आहे’ म्हणायचे. वक्त्याला गाडीभाडे आणि ढोलकीवाल्याला आशीर्वाद! घामाचे मोल मागणाऱ्यांच्या मंडपात हा हिशोब शोभत नाही.

म्हणून येत्या जिल्हा बैठकांसमोर आम्ही तीन गोष्टी ठेवतो. त्यांवर चर्चा व्हावी, पटल्या तर ठराव व्हावा.

एक. सभागृह किंवा मैदान घेताना ‘अमुक माणसांना आत घेऊ नका’ किंवा ‘अमुक वस्तीला मागे बसवा’ अशी अट आली, तर ते ठिकाण सोडावे. सभा वडाखाली घ्यावी, खळ्यावर घ्यावी, पण अटीखाली घेऊ नये. ठिकाण का सोडले, ते त्याच दिवशी गावात तोंडी आणि भिंतीवर सांगावे. दारावर दगड मात्र एकही पडता कामा नये. सरकारी नाट्यगृहाने अशी अट घातली, तर ती लेखी मागावी. लेखी मागितली की निम्म्या अटी तिथल्या तिथे विरघळतात, हा कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

दोन. शाहिराला, जलशाला, फडाला बोलावताना बिदागी आधी ठरवावी आणि इसार आधी द्यावा. कार्यक्रम आपल्या बाजूने मोडला तर इसार परत मागू नये आणि येण्याजाण्याचा खर्च वर द्यावा. अट नाकारून खेळ मोडला असेल, तर पूर्ण बिदागी द्यावी. तत्त्व सगळ्यांचे आणि तोटा एकट्या ढोलकीवाल्याचा, असे होऊ नये.

तीन. आपल्या व्यासपीठावर येणाऱ्या शाहिराने काय गावे, हे आपणही सांगू नये. आपल्यावर टीका करणारे गाणे असेल तर पुढच्या रांगेत बसून ऐकावे. दुसऱ्याच्या अटी मोडायला निघालेल्यांनी स्वतःच्या मंडपात छोटा सेनापती बसवला, तर त्याला लोक हसतील आणि बरोबरच हसतील.

पहिल्या मुद्द्याने पैशाचे नुकसान होईल. भाडे बुडेल, छापलेली पत्रके वाया जातील, पावसात सभा घ्यावी लागेल. हे नुकसान किती आणि ते तालुक्याने सोसायचे की जिल्ह्याने, याचा आकडा बैठकीला येतानाच मांडून आणावा. तिथे आकडा ठरला, तर ऐन संध्याकाळी चालकाचा माणूस दारात उभा असताना कुणाला विचारत बसावे लागणार नाही.